सेजलला उपदेश करण्याचा कार्यक्रम

धाकट्या बहिणीला चार समजुतीच्या गोष्टी सांगायला असे काय लागते? एक भाऊ लागतो, एक बहीण लागते आणि दोघांना टेकायला सोप्यावरचा बांक असला की झाले, अशी गोव्यातल्या इब्रामपूरच्या गुरुदास गावसची भाबडी समजूत होती. त्यासाठी देवळाचा सभामंडप लागतो, माइकचा परवाना लागतो, पंच लागतो आणि सरतेशेवटी गावाच्या राखणदार देवाला नारळ ठेवावा लागतो, हे त्याला कोणी आधी सांगितले असते तर त्याने मोबाईलवर एक संदेश टाकून विषय मिटवला असता. पण अशा गोष्टी आधी सांगणारा माणूस आपल्याकडे कधीच वेळेवर भेटत नाही. नंतर "मी म्हटलेच होते" असे सांगायला मात्र सगळा वाडा जमतो.

सेजलला फोंड्याच्या बाजूला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. वाड्यावरून इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच मुलगी. रविवारी सकाळी तिला हॉस्टेलवर पोचवायचे होते, आणि त्याआधी थोरला भाऊ या नात्याने आपण तिला काहीतरी सांगितले पाहिजे, असे गुरुदासच्या मनाने घेतले. वडील गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष तोच. कर्त्या पुरुषाने अशा वेळी गप्प बसणे बरे दिसत नाही.

अडचण एकच होती. सेजलला सांगायचे काय?

खरे म्हणजे गुरुदास आपल्या बहिणीपुढे थक्क होऊनच जगत आला होता. ती रांगत होती तेव्हापासून तो थक्क होता. कुळागरातला, म्हणजे माडापोफळीच्या बागेतला, पंप बंद पडला तेव्हाची गोष्ट घ्या. म्हापशाचा मेकॅनिक दोनदा येऊन "नवीन घ्या" म्हणून सांगून गेला. शाळेतून आलेल्या सेजलने दप्तर उतरवले, पंपाला कान लावला, पोट दुखणाऱ्या वासराला विचारावे तसे "कितें जाता रे तुका?" असे त्याला विचारले, कुठला तरी एक नट सोडवून आतली माती काढली, आणि पंपाने फर्रकन पाणी फेकले. माडाला लागले पाणी, आई धावली केळींकडे, आणि गुरुदास मात्र पाण्याकडे न बघता बहिणीकडे बघत उभा राहिला. ही आपल्याच घरात जन्मली कशी, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला तो अजून सुटलेला नव्हता.

स्वतः गुरुदास बी.कॉम. पेडण्याच्या एका सहकारी सोसायटीत कारकून. त्याची ख्याती पत्रे आणि नोटिसा लिहिण्याबद्दल होती. "सदर", "उपरोक्त" आणि "योग्य ती कार्यवाही" हे शब्द त्याच्या हाताला इतके बसले होते की एकदा आईच्या औषधाची आठवण म्हणून भिंतीवर लावलेल्या कागदातही त्याने "सदर गोळी" लिहिले होते. कॉलेजातल्या तीन वर्षांतून त्याला काय मिळाले, असे विचारले तर कँटीनमधली पातळभाजी आणि उंडो पाव यापुढे त्याची आठवण जात नसे. अशा माणसाने इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलीला काय सांगावे?

पुष्कळ विचार करून त्याने एक गोष्ट नक्की केली. "सेजल, कुठे अडलीस तर मला हाक मार." एवढेच. वाक्य साधे होते. पण त्यामागे एक भीती होती, आणि ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. ही मुलगी कुठेच अडणार नाही. ती जाईल, शिकेल, मोठी होईल, आणि आपल्याला हाक मारायची वेळ तिच्यावर कधीच येणार नाही. म्हणूनच जाण्याआधी तिला हे एकदा सांगून टाकणे त्याला इतके निकडीचे वाटत होते.

सोमवारी संध्याकाळी त्याने बांकावरची धूळ झटकली आणि हाक मारली. "सेजल, जरा बस गो हंय. दोन गजाली करूच्या आसत."

सेजल येऊन बसली. गुरुदासने घसा साफ केला. तेवढ्यात मोपाच्या विमानतळावर उतरणारे विमान डोक्यावरून गेले. ते जाईपर्यंत दोघांनी माना वर करून बघितले. विमान गेले आणि शेजारची सुविधाकाकी आली.

सुविधाकाकीची मुलगी तीन महिने हॉस्टेलमध्ये राहून परत आली होती, त्यामुळे या विषयातला अधिकार तिच्याकडे होता. "बाय, बादली आपली वेगळी व्हर. नांव घाल तिचेर. कुलूप घालूंक येता तर कुलूपूय घाल."

"बादलेक कुलूप?" गुरुदास म्हणाला.

"तुका काय कळता हॉस्टेलातलें?" सुविधाकाकीने त्याला एका वाक्यात बाजूला केले आणि ती सेजलच्या शेजारी, म्हणजे नेमकी गुरुदासच्या जागेवर, बसली.

मग सगुणकाका आले. सगुणकाका म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष. गावात कुठलेही कार्य असो, देवाला गाऱ्हाणे तेच घालीत. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे हो. आमच्याकडे कार्याआधी नारळ ठेवून देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने मागणे मागतात, ते गाऱ्हाणे. एकाने मागायचे आणि जमलेल्यांनी दरेक मागण्याला "होय महाराजा" म्हणून आपला दुजोरा द्यायचा. सगुणकाकांचा आवाज असा की त्यांनी देवळात गाऱ्हाणे घातले तर नदीपलीकडच्या महाराष्ट्रातली माणसेही "होय महाराजा" म्हणत असावीत.

सगुणकाकांनी उपदेशाला सुरुवात केली ती कोणाशी जास्त बोलू नकोस इथून. सुविधाकाकीचे म्हणणे पडले की बोलल्याशिवाय हॉस्टेलात निभाव लागत नाही. मग आई स्वयंपाकघरातून ओरडली की बोलो न बोलो, जेवण टाकू नये. कॉलेज सुरू होण्याआधीच त्यावर असा कडाक्याचा वाद झाला की सेजलने दोघांना सोलकढी आणून दिली आणि दोघांचेही अगदी मन लावून ऐकले. गुरुदास दाराशी उभा राहून बघत होता. एवढी परस्परविरोधी मते चेहरा न हलवता ऐकून घेणे त्याला सोसायटीच्या वार्षिक सभेतही कधी जमले नव्हते.

"तूं कितें सांगतलो आशिल्लो रे?" जाता जाता सगुणकाकांनी त्याला विचारले.

"थोडेंच. भयणीक दोन शब्द."

"दोन शब्द?" सगुणकाका थबकले. त्यांच्या डोळ्यात चमक आली. समितीचा अध्यक्ष माणूस, त्याला "दोन शब्द" म्हटले की हार आणि नारळच दिसायचे. "अरे, मग असो सोप्यार कित्याक? गावाची चली कॉलेजात चल्ली. देवळात कर! शेनवारा सांजवेळा. गाव जमूं दी."

गुरुदासने "नको हो काका" म्हणायला तोंड उघडले, पण तो "न" म्हणेपर्यंत सगुणकाका अंगण ओलांडून गेले होते. रात्री गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर हात जोडलेल्या चिन्हांची ओळच ओळ आली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा पंच श्रीनाथ आला. श्रीनाथ तरुण, उत्साही, आणि निवडणूक जवळ नसतानाही निवडणूक जवळ असल्यासारखा वागणारा. त्याने येताना बॅनरच आणला. बॅनरवर श्रीनाथ कमरेपर्यंत होता, हात जोडून. खालच्या कोपऱ्यात सेजलचा हॉल तिकिटावरचा फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. "भव्य मार्गदर्शन सोहळा" अशी लाल अक्षरे. गुरुदासने आपले नाव शोधले. ते सापडले, पण सर्वांत खाली, "सहकार्य" या सदरात, खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या आणि आइस्क्रीमवाल्याच्या मध्ये.

"हांव तिचो भाव मरे," गुरुदास म्हणाला.

"तेंच तर. भावाचें सहकार्य आसूंकच जाय," श्रीनाथ म्हणाला. "आनी माइकाचो परवानो तूं हाड. तुका कागद बरे येतात."

सेजलने बॅनर बघितला, मग दादाकडे बघितले. "दादा, तुका हें जाय?"

गुरुदासला हे मुळीच नको होते. पण भावाने बहिणीसमोर आपण अडकलो आहोत असे कबूल कसे करावे? "गावाची इच्छा आसा," तो गंभीरपणे म्हणाला.

"बरें तर," सेजल म्हणाली आणि पुस्तके बांधायला आत गेली. त्या "बरें तर" मध्ये तिने आपल्याला किती मोठी सवलत दिली, हे गुरुदासला कळले, आणि तो आणखी खजील झाला.

कचेरीत माइकच्या परवान्याच्या टेबलावर एक सुस्त कारकून होता. गुरुदासचा अर्ज मोठा देखणा होता. त्यात तीन वेळा "उपरोक्त" होते. पण कारकुनाला अर्ज वाचायची सवय नव्हती.

"कार्यक्रम कसलो? जत्रा, लग्न, राजकीय?"

"मार्गदर्शन."

"कोणाक?"

"माज्या भयणीक. ती कॉलेजात चल्ली. दोन शब्द सांगूचे आसत."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "भयणीक आयकूंक कमी येता?"

"तसें ना हो."

"मग लाउडस्पीकर कित्याक?"

गुरुदासने अर्जातल्या पहिल्या "उपरोक्त"वर बोट ठेवले. कारकुनाने बराच वेळ विचार करून "इतर" या रकान्यात खूण केली आणि त्याला पोलीस चौकीचा दाखला आणायला पाठवले. चौकीवर विचारले, "जमाव किती?" गुरुदास म्हणाला, "उपदेश घेवपी एकटीच. दिवपी सगळो गाव." हवालदाराने सहानुभूतीने त्याच्याकडे बघितले आणि दाखला लिहून दिला. परत कचेरीत आला तेव्हा कारकुनाने शिक्का मारला, आणि कागद हातात देताना म्हणाला, "तिका सांग, मच्छरदाणी व्हर. माजो भाचो हॉस्टेलात सुजलो." म्हणजे कचेरीच्या कारकुनाचासुद्धा उपदेश तिला मिळायचा होता. भावाचा सोडून.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. सेजलला बादली घ्यायला गुरुदास तिला स्कूटरवरून घेऊन गेला, आणि परतीच्या वाटेत त्याला एकदम सुचले की हीच वेळ. गाव नाही, काकी नाही, श्रीनाथ नाही. कार्यक्रम होऊ दे आपल्या वाटेने, आपण आपले आत्ताच सांगून टाकावे. त्याने नजर रस्त्यावर ठेवली आणि बोलायला लागला. आणि काय बोलला! अडलीस तर हाक मार, म्हणाला. मध्यरात्र असली तरी मार. मला तुझी यंत्रे कळत नाहीत, पण मी येऊन नुसता उभा राहीन, म्हणाला. बाबा असते तर आज काय म्हणाले असते, तेही म्हणाला. डोळे भरून आले म्हणून त्याने वेग कमी केला, आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. जन्मात एवढे मन मोकळे त्याने कधी केले नव्हते. घराशी पोचल्यावर तो स्कूटर थांबवून वळला.

सेजलने हेल्मेट काढले. तिच्या मांडीवर निळी बादली होती. "तूं कितें उलयतालो रे वाटेर? वारें कितलें आशिल्लें. एक शब्द आयकूंक येऊक ना."

"कायच ना," गुरुदास म्हणाला. "बादली बरी आसा म्हणतालो."

ते सगळे पुन्हा म्हणणे त्याला शक्य नव्हते. असे बोलणे माणसाकडून एकदाच होते, आणि त्याचे ते वाऱ्यावर गेले.

शनिवार उजाडला. परवाना संध्याकाळचा असला तरी माइक दुपारीच आला, आणि आलेला माइक तपासल्याशिवाय ठेवणे सगुणकाकांना पटले नाही. त्यांनी "हॅलो, हॅलो" म्हटले. मग कोण कुठे आहे ते विचारले. मग आलाच आहे हातात तर म्हणून त्यांनी गावातल्या मुलांना अभ्यासाबद्दल, बायांना नळाच्या पाण्याबद्दल आणि मोकाट गुरांच्या मालकांना गुरांबद्दल मार्गदर्शन केले. सुविधाकाकीने घरून ओरडून उत्तर दिले, तेव्हा काकांनी माइकवरून प्रत्युत्तर दिले. चहाची वेळ झाली तरी ते चालूच होते. संध्याकाळी गाव जमला, खुर्च्या भरल्या, समई लावली, राखणदारापुढे नारळ ठेवला, सगुणकाका उठले, हात जोडले, छाती भरून श्वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून नुसती हवा आली.

आवाज गेला होता. घशातून चाळणीत पाणी ओतल्यासारखा "हस्स" असा ध्वनी येई, बाकी काही नाही.

सभामंडपात कुजबुज सुरू झाली. कार्यक्रम पुढे ढकलता येतो, बॅनर उतरवता येतो, श्रीनाथाचे भाषणसुद्धा, म्हटले तर, टाळता येते. पण राखणदारापुढे नारळ ठेवल्यावर गाऱ्हाणे न घालता उठायचे नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी परगावी निघणार आणि नारळ तसाच पडून राहणार? आईचा चेहरा उतरला. सगुणकाकांनी घामाघूम होऊन इकडे तिकडे बघितले आणि खूण केली ती गुरुदासकडे. घरचा कर्ता पुरुष.

गुरुदास उठला. गाऱ्हाणे त्याने जन्मभर ऐकले होते, पण घातले कधीच नव्हते. त्याने हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडाला जे येत होते तेच बाहेर आले.

"बा राखणदार महाराजा! आपणांस या गाऱ्हाण्याद्वारे कळविण्यात येते की, सदर सेजल ही उद्या, रविवार रोजी, पुढील शिक्षणार्थ रवाना होत आहे. तरी महाराजांनी उपरोक्त बाबीची नोंद घेऊन... योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती!"

 "होय महाराजा" कुठे म्हणायचे ते कोणालाच कळले नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा चाचरत म्हणाला, "मंजूर!"

हशा पिकला. श्रीनाथसुद्धा हसला. गुरुदासचे कान लाल झाले. त्याला वाटले, जमीन दुभंगावी आणि आपण खुर्च्यांसकट आत जावे. बहिणीला दोन शब्द सांगायला निघालो आणि देवाला नोटीस देऊन बसलो. आता पुढे काय बोलायचे? आणि थांबायचे तरी कसे? हाक मारली होती, मागणे अर्धवट होते. एवढ्या माणसांत तो इतका एकटा कधी पडला नव्हता.

तेव्हा सेजल उठली.

ती सत्काराच्या खुर्चीतून उठली, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि येऊन भावाच्या शेजारी उभी राहिली. गाऱ्हाणे बायका घालीत नाहीत. निदान इब्रामपुरात कोणी घातलेले कोणाच्या आठवणीत नव्हते. एकदोघांनी भुवया उंचावल्या. सेजलने सगुणकाकांकडे बघितले. सगुणकाकांनी हात वर करून खूण केली. घाल.

सेजलने हात जोडले.

"बा देवा राखणदारा, महाराजा!"

आवाज चिरका नव्हता की नाजूक नव्हता. पोटातून आलेला, भरलेला आवाज. गावाला वाटले ते असे की आपण ही हाक ओळखतो, आणि विचार करायच्या आत सगळ्यांच्या तोंडून निघून गेले, "होय महाराजा!"

"गावाच्या शिवेर बसून येतल्या-वयतल्याक सांबाळतलो तूं. नदयेच्या अल्याडच्याक आनी पल्याडच्याक एकाच नदरेन बघतलो तूं. आज तुज्या पायांकडे एक नारळ ठेयलेलो आसा, तो गोड करून घे, महाराजा!"

"होय महाराजा!"

"माज्या भावान आतां सांगलें तें तुका कळ्ळें आसत तर बरें. ना कळ्ळें आसत तर तेच्या मनातलें समजून घे, महाराजा!"

"होय महाराजा!" हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. गुरुदासही हसला.

"सगुणकाकान सांगलें, सुविधाकाकीन सांगलें, वाटेर भेटलो तेणेंय सांगलें. सगळ्यांनी मायेन सांगलें. तेंतलें एकमेकांक जुळना तें तूं जुळोवन घे, महाराजा!"

"होय महाराजा!"

"सगुणकाकाचो गळो तेका परत दी. श्रीनाथाक जें जाय तें दी, पूण दमान दी. माज्या आवयचे दुखतले पाय बरे कर, महाराजा!"

"होय महाराजा!" श्रीनाथानेही म्हटले, कारण न म्हणून चालत नाही. गाऱ्हाण्यात नाव आले की राजा असो की पंच, मान हलवावीच लागते. आईने पदर डोळ्यांना लावला.

गुरुदास तिच्या शेजारी उभा होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. हिने हे शिकले कधी? सगुणकाकांच्या पुढ्यात बसून ऐकले असणार, लहानपणापासून, सगळ्यांबरोबर, जसे त्यानेही ऐकले होते. पण त्याच्या कानात ते नुसते पडले, आणि हिच्या आत जाऊन बसले. एवढी माणसे, एवढा मोठा मंडप, आणि ही काल बादली मांडीवर घेऊन बसलेली पोर सगळ्यांना एका श्वासात धरून उभी होती. तिच्यापुढे आपण उपदेश करायला निघालो होतो. त्याला लाज वाटायला हवी होती, पण लाज कुठेच नव्हती. नुसते मोठे, भरून आलेले आश्चर्य होते.

"आनी आतां माज्या भावाचें मागणें," सेजल म्हणाली.

गुरुदास दचकला.

"तेच्या लग्नाचें मनार घे, महाराजा!"

"होय महाराजा!" आतापर्यंतचा सर्वांत मोठा होकार हा होता. सुविधाकाकीने तर दोनदा म्हटले. गुरुदासने मान खाली घातली.

सेजल थांबली. तिने एकदा भावाकडे बघितले. पुढे बोलली तेव्हा आवाज उतरला होता, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होते.

"महाराजा, हांव ल्हान आसतना कितेंय करूंक गेलें काय हो माजो भाव फाटीं उबो रवतालो. हात लायनासलो, सांगनासलो. नुसतो बघतालो. असो बघतालो की माका दिसतालें, हें आपल्याक जमतलें. तेणें बघलें म्हणून माका जमलें. आतां थंय माज्या फाटीं कोण उबो आसचो ना. थंय तूं उबो रव, महाराजा. आनी हेच्या मनाक शांती दी."

 मग सगुणकाकांनी आपल्या फाटक्या गळ्याने "होय महाराजा" म्हणायचा प्रयत्न केला, तो कोणाला ऐकू आला नाही, पण त्यांचे ओठ हलले तसे सगळ्या गावाने म्हटले. हळू म्हटले, मनापासून म्हटले.  गुरुदास नुसता मान हलवत राहिला.

श्रीनाथाने डोळे पुसले आणि तो लगेच पंच झाला. त्याने माइक हातात घेतला आणि जाहीर केले की आता ज्यांच्या सहकार्याने हा सोहळा होत आहे ते गुरुदास गावस आपल्या भगिनीला मार्गदर्शनपर दोन शब्द सांगतील. टाळ्या झाल्या.

गुरुदास माइकसमोर उभा राहिला. समोर सगळा इब्रामपूर, आणि पहिल्या रांगेत सेजल, हार पुन्हा गळ्यात घालून, हात मांडीवर ठेवून, त्याचे ऐकायला बसलेली. खरेच ऐकायला. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. सांगायचे होते ते सगळे त्याला आठवत होते, एकेक शब्द. पण त्यातले काहीच आता तिला द्यायचे राहिले नव्हते. त्याने तिच्याकडे बघितले, मग गावाकडे.

"मंडळी," तो म्हणाला, "ही सेजल. माजी भयण."

आणि जाऊन तिच्या शेजारी बसला.